माळावरच्या घुबडाने नेलेला दगड

बोरगाव मेघे, वर्धा
शुक्रवार, पूजा आटोपून

ती. डोमाजीदादांस,

धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे किसनचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वहिनींचा गुडघा या थंडीत आखडत असेल, त्यांना सकाळी अंगणात उन्हाला बसवत जा. तुरीच्या शेंगा पोचल्या, गोड निघाल्या. आम्ही इकडे खुशाल आहोत. (हा शब्द सवयीने लिहिला गेला. पुढे वाचा.) फोन का केला नाही म्हणाल, तर आमच्या घरात फोनवर बोललेलं स्वयंपाकघरापर्यंत जातं, लिहिलेलं जात नाही.

तर दादा, मला माझं अक्षर भोवलं. आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या नंदिनी मॅडम आहेत. दर हिवाळ्यात त्या वर्ध्याच्या आसपासच्या तळ्यांवर आणि माळांवर बाहेरून आलेली पाखरं मोजतात. यंदा यादी लिहायला त्यांनी मला कार्यालयातून मागून घेतलं, कारण त्यांच्या मते सबंध कॉलेजात माझंच अक्षर दुसऱ्या दिवशीही वाचता येतं. डिसेंबरचे दोन रविवार फार चांगले गेले. तळ्यावर चक्रवाकाची जोडी, काठच्या चिखलात शेपटी हलवणारे धोबी, ज्वारीवर एकदम उतरणाऱ्या भोरड्या. यातली कितीतरी हिमालय ओलांडून आलेली. (मला नागपूरला बदली होईल या विचारानेही घाम फुटतो.) देवाने एवढ्याशा जिवाला वाट कशी सांगितली असेल, या विचारात मी एकदा चाळीस धोबी दोनदा लिहिले.

तिसऱ्या रविवारी दाट धुकं होतं. बोरगावच्या पलीकडे गवताचा माळ आहे, तिथे मॅडम पुढे आणि मी वही घेऊन मागे. दहा पावलांवर गवतात ढेकूळ दिसलं. मग ते पाखरू वाटलं, मग पुन्हा ढेकूळ. खात्री असेल तेच लिहायचं, असा मॅडमचा नियम. म्हणून केवळ खात्रीसाठी मी सुपारीएवढा दगड उचलला आणि हळूच तिकडे टाकला. ढेकळाने मान वळवली. अंग तिकडे आणि तोंड माझ्याकडे, अगदी नीट, आणि त्यात दोन पिवळे डोळे. जमिनीवर बसलेलं घुबड होतं ते. ते उठलं तेव्हा पंखांचा आवाज आला नाही. अंगावरची शाल सरकली तरी त्याहून जास्त आवाज होतो. एक घिरटी घालून ते दगड पडला तिथेच उतरलं, पायात काहीतरी धरलं आणि धुक्यात गेलं. मॅडम म्हणाल्या, "उंदीर नेला वाटते." पण उंदराला शेपूट असते. याला नव्हती. मी तिथलं गवत वीतभर वीतभर चाळलं. दगड नव्हता.

मोठ्या आईचं सांगणं तुम्हाला ठाऊकच आहे, ती तर तुमचीच आई. घुबडाला दगड मारू नये. ते तो उचलून नेतं, पाण्याकाठी बसून झिजवतं, आणि जसा दगड झिजतो तसा मारणारा झिजतो. माझे बाबा त्या हिवाळ्यात वाळत गेले तेव्हा कारण तिनेच ओळखलं होतं. (तेव्हा ते एक्कावन्न वर्षांचे होते. मला येत्या चैत्रात पन्नासावं लागेल.) मी मारला नव्हता, टाकला होता, पण हा फरक घुबडाला कोण समजावणार?

तेव्हापासून रद्दीवाल्याच्या काट्यावर उभा राहतो आहे. एकोणसत्तर, सदुसष्ट, परवा पासष्ट. शिवाय रोज पहाटे पूजेला बसलो की जवळच कुठेतरी दगड झिजल्याचा आवाज येतो. हात थांबवला की तोही थांबतो. चौथ्या दिवशी कळलं की तो माझ्याच सहाणेवर गंध उगाळण्याचा आवाज आहे. हे कळून बरं वाटायला हवं होतं. पण चंदनाचं खोड हातात घेऊन बघितलं, तर तेही निम्मं झालं होतं. तेव्हापासून देव नुसत्या कुंकवावर आहेत. केळझरच्या गणपतीला जाऊन क्षमा मागून आलो.

गेल्या रविवारी ते पुन्हा दिसलं. त्याच जागी, तेच पिवळे डोळे, आणि चोच पायातल्या कशावर तरी खालीवर होत होती. मी यादीत लिहिलं: आखूड कानाचं घुबड, एक. शेऱ्यात लिहिलं: माझ्याकडे बघत होतं. मॅडमनी वही वाचली. "किसनराव, पक्षी काय करून राह्यला होता ते लिहा. तुमच्याकडे काऊन पाहत होता ते नको." मी शेरा खोडला. (नोंद पडताळायला त्या वळल्या तेव्हा तिथे फक्त गवत होतं. तरी त्यांनी माझ्या शब्दावर एक हा आकडा ठेवला. अशी माणसं कमी.)

अनुसया रोज माझ्या कमरेकडे बघते. "पट्टा अजून एक भोक मागून राह्यला. घुबडाचं काय ते मले नोका सांगू. दवाखान्यात चाला, नाईतर डोमाजीभाऊले फोन लावतो." तिचा फोन येण्याआधी हे पत्र पोचावं ही इच्छा. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
किसन

ता.क. पट्टा खरं तर दसऱ्यापासूनच ढिला आहे. दगड मी डिसेंबरात टाकला. हे मी अजून कोणाला सांगितलं नाही.

दुसरा ता.क. अनुसयाने मागच्या आठवड्यात नेऊन माझं रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट तयार असल्याचा मेसेज येऊन सहा दिवस झाले. दोनदा लॅबच्या जिन्यापर्यंत गेलो आणि परतलो. घरी सांगितलं, तिथलं मशीन बिघडलं आहे. तुम्ही गुरुवारी सकाळच्या एसटीने या. वर तुम्ही जा, मी खाली चहाच्या टपरीवर थांबतो. आणि काही निघालं तर 'घुबडाचं आहे' म्हणून माझी समजूत घालू नका. बाबांच्या वेळी सगळे तेच म्हणाले आणि त्यांना कोणी दवाखान्यात नेलं नाही. तुम्ही मला तिथूनच डॉक्टरकडे न्या. मी नाही म्हणेन, तरी न्या. मग उजेड उरला तर माळावर जाऊन दगडही बघून येऊ.