आमचं दूध दुप्पट झालं त्याची हकीकत

तीर्थरूप ताईस रामरतीचा नमस्कार. ऑकलंडला तुम्ही सगळी खुशाल असाल, भाऊजींचा गुडघा आता त्यांना जिना चढू देत असेल. इकडे फिजीत, तैलेवूला आम्हीही बरे आहोत, म्हणजे दोन पायांची मंडळी बरी आहोत. बाकीचं पुढे वाचशीलच.

सरकारने दूध वाढवायची योजना काढलीय. तुमच्या न्यूझीलंडची गाय निम्म्या किमतीत, अट एकच: घरातली कमी दुधाची गाय काढून टाकायची. मी म्हटलं, चमेलीला काढणार नाही. (दूध थोडं देते, पण वादळात गोठ्याचं छप्पर उडालं तेव्हाही तिने एक वेळ चुकवली नाही.) आमचे हे म्हणाले, "तू गप्प बस गं, उत्पन्न वाढणार आहे." आणि मोठे हुशार, चमेलीला शेजारच्या लोसालिनीच्या गोठ्यात बांधून आले आणि गाय विकली म्हणून सरकारला कळवून मोकळे झाले!

नवी आली ती धिप्पाड, कानात पिवळा बिल्ला. मी तिचं नाव मेमसाहेब ठेवलं. आमचं गवत हुंगून तिने तोंड फिरवलं. पोत्यातला विकतचा खुराक मात्र चाटूनपुसून खाल्ला. दुधाचे पैसे डेअरीतून निघत ते थेट खुराकाच्या दुकानात शिरत, घरी यायला त्यांना सवडच नव्हती. मग ऊन तापलं तशी बाई दावं तोडून नदीत गेली आणि पोटापर्यंत पाण्यात उभी राहिली ती राहिलीच. हे काठावरून हाका मारतात, ती ढुंकून बघत नाही. शेवटी मी कमरेइतक्या पाण्यात उतरून धार काढली. (यांची अर्धी विजार घालून. हसू नकोस.) दूध निघालं ते चमेलीपेक्षा थोडं कमीच. यांनी दोघींचं एकत्र करून डेअरीत घातलं.

झालं! योजनेचे सैरुसीसाहेब धावत आले. "वहिनी, तुमचं दूध दुप्पट झालं की!" अहो, गायी दोन, तर दूध दुप्पट नाही होणार तर काय होणार! पण हे यंगोना पिता पिता त्या नशेच्या वाटीमागून माझ्याकडे डोळे वटारत होते. मेमसाहेबला नदीत पाहून साहेब यांना म्हणाले, "वा भगौती, थंडाव्याची काय नामी सोय केलीस!" सोय भगौतीची, आणि पाण्यात कोण?

मी तेही गिळलं असतं. पण गेल्या आठवड्यात साहेबांनी गावाची सभा बोलावली, यांच्या गळ्यात हार घातला आणि जाहीर केलं, निकाल इतका उत्तम आहे की आता गावातल्या सगळ्याच जुन्या गायी काढायच्या. पहिली लोसालिनीची. ताई, त्या एकट्या बाईने आमची गाय फुकट सांभाळली, आणि आमच्याच बादलीच्या जोरावर तिची गाय जाणार? ती नुसती माझ्याकडे बघत होती. माझ्या अंगाची लाही झाली. उठले. "साहेब, त्या बादलीत निम्म्याहून जास्त दूध चमेलीचं आहे. ती हिच्याच गोठ्यात उभी आहे. चला, दाखवते."

यांनी हार काढून मांडीखाली सारला. साहेब कपाळ चोळत हळूच म्हणाले, "वहिनी, मी हे वर कळवलंय हो."

"मग हेही वर कळवा. आणि गाय देताय तर तिला सावली कोण देणार, खुराक कोण देणार, तेवढं विचारून या."

आधी लोसालिनी हसली, मग अख्खी सभा. तिची गाय वाचली. चौकशी होईपर्यंत सगळ्यांच्याच वाचल्या. हे माझ्याशी बोलत नाहीत. घरात शांतता आहे, तेवढंच सुख.

तुझी,
रामरती

ता.क. अट मोडली म्हणून पुढच्या महिन्यात मेमसाहेबला परत नेणार आहेत. खुशाल न्या म्हणावं! एवढं रामायण तिच्यापायीच झालं.

ता.क. दुसरा. ताई, ती आता माझ्या एका हाकेला पाण्यातून बाहेर येते. दुसऱ्या कुणाच्याही नाही. आली की खांद्यावर तोंड घासते. भाऊजींचं इंग्रजी चांगलं आहे, तिला इथेच राहू द्यावं असा एक अर्ज त्यांच्याकडून लगेच लिहून घे. फक्त अर्जात दुधाचा विषय काढू नका म्हणावं.