शेवटच्या टोकाचा फोटो

फुनाबोरी, तोक्यो

ति. दाजींस,

भानुदासचा साष्टांग नमस्कार आणि त्यामागोमाग थोडा संशय, तोही साष्टांगच. सरोजिनीताईचे गुडघे कसे आहेत? मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्हाला आता स्वच्छ दिसत असेल. (हे मी निव्वळ काळजीपोटी विचारत नाही. कारण पुढे येईल.) व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तुम्ही निळ्या खुणा दाखवून गप्प बसला असता, म्हणून हे कागदावर.

तुम्ही प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, तेव्हा कॅडिसफ्लाय म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगणं शोभत नाही. पण काहीच ठाऊक नसल्याचं सोंग तुम्ही करणार हे धरून सांगतो. नदीकाठचा किडा, मळकट पतंगासारखा, बसला की पंख छपरासारखे उतरते मिटतो. इथे त्याला तोबिकेरा म्हणतात. आमच्या नदीप्रेमी मंडळात (मंडळात मी एकटाच परदेशी, त्यामुळे चादर धरण्याचं काम कायम माझ्याकडे) संध्याकाळी पांढरी चादर ताणून धरून तिच्यामागे दिवा लावतात आणि जे येऊन बसेल त्याचे फोटो काढतात. तामा नदीच्या वरच्या अंगाला माझ्या चादरीवर एक लांब मिशांचा तोबिकेरा बसला. एका हाताने चादर आणि पोवळ्याच्या अंगठीच्या दुसऱ्या हाताने फोन धरून मी असा फोटो काढला की मंडळाचे प्रमुख हासेगावा-सान चक्क "ओ" म्हणाले. तीन वर्षांत माझ्या कोणत्याही गोष्टीवर ते पहिल्यांदाच काही म्हणाले.

आता हा फोटो वॉर्डाच्या सभागृहातल्या प्रदर्शनात लागायचा आहे, खाली किड्याचं पूर्ण नाव आणि माझं नाव. अट एवढीच की किडे ओळखण्याच्या त्या वेबसाइटवर दुसऱ्या कोणीतरी स्वतंत्रपणे नाव मान्य केलं पाहिजे. म्हणजे बँकेत चालतं तसंच, एकाने व्हाउचर करायचं आणि दुसऱ्याने पास करायचं. नावाचा प्रश्न असा की लांब मिशांचे दोन भाऊ आहेत, एक ठिपक्यांचा आणि एक चहाच्या रंगाच्या पंखांचा. मी ठिपक्यांचा लिहिला. वीस वर्षं लोकांच्या सह्या ताडून पाहिलेला माणूस मी, माझी नजर काय एका किड्यापुढे चुकणार? पण तिथे 'शिरासागी' (म्हणजे पांढरा बगळा) नावाचा कोणी इसम दबा धरून बसलेला. त्याने आधी फोटोतल्या प्रकाशाचं कौतुक केलं आणि मग लिहिलं, की फोटोवरून हे दोघे वेगळे करता येत नाहीत, कृपया नराच्या पोटाच्या शेवटच्या टोकाचा, अगदी जवळून काढलेला फोटो पाठवावा. हे मी ऑफिसला जाताना गाडीत वाचलं आणि शेजारची बाई बघेल म्हणून फोन पालथा घातला. (हा भाग ताईला वाचून दाखवू नये.)

दाजी, आधी कौतुक आणि मग नापास, ही पद्धत मी ओळखतो. मला पहिल्यांदा भेटलात तेव्हा अक्षर सुंदर आहे म्हणालात आणि मग गणित घातलंत. शिवाय हा बगळा लिहितो तो इथे दुपार झाल्यावर, म्हणजे नाशिकला तुमचा सकाळचा दुसरा चहा संपल्यावर. आणि तुमच्या डोळ्याला पट्टी होती, त्या सगळ्या दिवसांत त्याने जगातला एकही किडा नापास केला नाही. हा योगायोग असेल, तर मला योगायोगांचाही संशय आहे.

खुद्द तोबिकेरा मी एका डबीत ठेवला होता, फ्रीजमध्ये, श्रीखंडाच्या मागे. नीलिमाने, म्हणजे माझ्याच बायकोने, तो मंगळवारी जळाऊ कचऱ्यात दिला. अनवधानाने, असं ती म्हणते. इथे बाटलीचं झाकणसुद्धा वेगळं करून टाकणारी बाई डबी उघडून बघत नाही, यावर कोण विश्वास ठेवेल?

माझी बाजू घेणारा एकच सज्जन भेटला, 'नाशिककर प्राध्यापक' या नावाचा. त्याने फोटो पाहताच नाव मान्य केलं. जगात निःपक्षपाती माणसं अजून आहेत.

तुम्ही म्हणाल, एका किड्यासाठी एवढं काय? दाजी, मार्चमध्ये माझी बदली मुंबईला होणार. इतक्या वर्षांत इथे माझं नाव टपालपेटीवर आणि जिन्याच्या झाडलोटीच्या पाळीच्या कागदावर, एवढंच लागलं. ते आम्ही निघालो की दुसऱ्या दिवशी निघेल. सभागृहात ते राहावं असं फार वाटतं. हासेगावा-सान म्हणतात, खात्री नसेल तर 'तोबिकेराचा एक प्रकार' लिहू. मला ते 'भारतीयाचा एक प्रकार' असं ऐकू येतं.

ताईला नमस्कार. कळावे, लोभ आहेच, विश्वासाचं तुम्ही बघा.

आपला,
भानुदास

ता. क. तुम्ही शिरासागी नसाल तर वरचं सगळं विसरून जावं.

ता. क. दुसरा. 'नाशिककर प्राध्यापक' मीच आहे. व्हाउचर करणाराही मी, पास करणाराही मी. खात्याला तुमचा फोटो लावलाय, चारुताच्या लग्नातला, निळ्या कोटातला. मंडळाला आता या प्राध्यापकांशी पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी व्हिडिओवर बोलायचं आहे. तेव्हा तोच कोट घालून बसावं आणि "ठिपक्यांचा" एवढंच म्हणावं. पत्र लिहिलं ते मुळात यासाठी.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात प्राध्यापकांच्या खात्यावर शिरासागीचा निरोप आला, शुद्ध मराठीत: "भानुदास, माझ्या लेकीच्या लग्नातल्या फोटोतून शेजारचा माणूस कापलास, पण माझ्या खांद्यावर त्याची बोटं आणि पोवळ्याची अंगठी राहिली. ओळख शेवटच्या टोकावरूनच पटते, हे आता तरी मान्य कर."

पत्र फाडणार होतो, पण त्यातला संशय खरा ठरल्यामुळे पाठवतो आहे. आणि मान्य केलं. किड्याचं नाव 'एक प्रकार' राहू दे, पण खाली माझं नाव लागू द्या, एवढं रविवारी हासेगावा-सानना सांगा. कोट मात्र निळाच घाला.