ड्वाइट रोमिगचा अर्धा डॉलर

मी, हार्लन क्लिंगर, वय एकोणऐंशी, राहणार यॉर्क, पेनसिल्व्हेनिया, कारखान्यात ठसे कोरून निवृत्त झालेला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय लिहितो. याआधीची सगळी मृत्युपत्रे रद्द समजावीत. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे. मन ठिकाणावर नाही, पण ते कायद्याला चालते, असे वकीलबाई म्हणाल्या.

१. घर, मागची शेड व बँकेतली शिल्लक बहीण अर्डिथ हिला. तळघराची वरून तिसरी पायरी हलते, तिने जपून उतरावे.

२. पिकअप गाडी अर्डिथचा मुलगा कर्टिस याला. नाणे मात्र एकही नाही. एका नाताळात या शहाण्याने माझा १८०६ चा अर्धा डॉलर टूथपेस्टने घासला आणि वर म्हणाला, "मामा, बघ कसा नव्यासारखा झाला!" दोनशे वर्षांचा रंग दोन मिनिटांत गेला. एवढी हौस आहे तर गाडी घासत बस म्हणावे.

३. कोरणी, कानशी व शेडमधली बाकी हत्यारे तंत्रशाळेला.

४. चांदीचे जुने अर्धे डॉलर, नग दोनशे बारा, आमच्या नाणेमंडळाला, प्रत्येक त्याच्या कागदी पाकिटासकट. आधीच्या मालकांची अक्षरे त्या पाकिटांवर आहेत. पाकीट फेकणाऱ्याला आम्ही माणसात धरत नाही.

५. १८२७ चा एक अर्धा डॉलर, मंडळाच्या यादीत 'क्लिंगर जोडी' म्हणून नोंदलेला, पाकिटासकट लोरेन रोमिग हिला. यादीतले माझे नाव काढून तिथे तिचा नवरा ड्वाइट याचे घालावे. कारण लिहिणे भाग आहे.

त्या काळी टांकसाळीत ठसे हाताने कोरत. त्यामुळे एकाच सालच्या नाण्यांतही तारे, आकडे, गरुडाची नखे जरा इकडेतिकडे. नाण्याच्या पुढच्या बाजूचा कोणता ठसा मागच्या बाजूच्या कोणत्या ठशाबरोबर वापरला, त्या जोड्या हुडकण्यात आमचे आयुष्य जाते. ड्वाइट शाळेची बस चालवायचा, माझा चाळीस वर्षांचा मित्र. एकदा मंडळात हे नाणे पुढे करून म्हणाला, "हार्लन, हा गरुड वेगळा आहे रे." मी भिंगसुद्धा न लावता सगळ्यांदेखत म्हणालो, "गरुड तोच आहे, तू चष्मा बदल." हशा पिकला. तोही हसला. अडीच महिन्यांनी हृदय बंद पडून तो गेला.

लोरेन त्याची नाण्यांची पेटी घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. "तू सांगशील तो भाव, हार्लन. मला यातलं काही कळत नाही." मी भिंग लावले. गरुड वेगळाच होता. ही जोडी तोवर कुठल्याच यादीत नव्हती. मी म्हणालो, "नेहमीचाच आहे," आणि नेहमीचाच भाव दिला.

दुकानदाराने न ओळखलेले नाणे त्याच्या टेबलावर दिसले, तर गप्प राहून तो मागेल ते द्यायचे, हा आमचा रिवाज. ज्याचा डोळा त्याचे नाणे. मित्राची बायको विचारायला आली तर सगळे खरे सांगायचे, हाही आमचाच रिवाज. मी टेबलाचा नियम स्वयंपाकघरात लावला. याला चूक म्हणणार नाही. चोरी केली. पुढे मंडळाने शोधाबद्दल माझा सत्कार केला, तेव्हा सगळ्यांत जास्त टाळ्या लोरेनने वाजवल्या. अकरा वर्षे त्या टाळ्या मला खात आहेत.

पुरवणी, सह्यांपूर्वी स्वहस्ते लिहिलेली:

शेजारीण वर्ना स्टॉफर साक्षीला आली. न वाचता ती कशावरही सही करत नाही. पाचवे कलम वाचून तिने पेन खाली ठेवले.

"लोरेनची नजर चाललीय, ठाऊक आहे ना? नाताळपर्यंत अक्षर दिसायचं बंद होईल म्हणतात. आणि तू अजून रोज सकाळी लाकडं फोडतोस! तू मरेपर्यंत तिनं थांबायचं होय? लाज नाही वाटत?"

"वाटते गं."

"मग ऊठ. तोवर माझी सही मिळायची नाही."

गेल्या आठवड्यात एका दुपारी लोरेनकडे गेलो. सगळे सांगितले. लोरेनने नाण्याला हात लावला नाही. पाकीट मागितले, माझे भिंग मागितले, खिडकीशी गेली आणि ड्वाइटचे बारीक अक्षर एकेक शब्द लावत मोठ्याने वाचले: "गरुड वेगळाच. दोनदा पाहिला. हार्लनला पुन्हा दाखवायचं. तो खरं तेच सांगेल."

हे मी त्या दिवशी, तिला भाव सांगण्याआधीच वाचले होते. तेही तिला सांगितले.

तिने पाकीट स्वतःच्या खिशात ठेवले. मग म्हणाली, "कॉफी ठेवते. पण आज माफी मागू नकोस हार्लन, मला जमायचं नाही."

मी मागितली नाही.

सबब, सदर नाणे व पाकीट आता माझ्या मालकीचे नाही, म्हणून कलम ५ मधील देणे रद्द. यादीतल्या नावाची दुरुस्ती कायम, ती मी मेल्यावर नव्हे, याच महिन्यात व्हावी. माझे भिंगही लोरेनकडे राहिले आहे. ती ते पाकीट रोज वाचते. भिंग कोणीही परत मागू नये.

सही: हार्लन क्लिंगर
साक्षीदार: वर्ना स्टॉफर, शेजारीण (सगळे वाचून)
साक्षीदार: ग्लेन हॉस्टेटर, चिटणीस, नाणेमंडळ
यॉर्क, पेनसिल्व्हेनिया, १९ ऑक्टोबर २०१४