फेल्झनबाखांच्या अकरा मुली

मी, डॉ. सुहासिनी लुडविग फेल्झनबाख, माहेरची खांबेटे, वय त्र्याहत्तर, निवृत्त बालरोगतज्ज्ञ, राहणार ट्रॉय, मिशिगन. डोकं शाबूत आहे. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. याआधीची सगळी रद्द समजावीत.

१. राहतं घर माझी मुलगी अंतरा हिला.

२. दिवंगत पतींची जर्मन पुस्तकं दीर वॉल्टर यांना. वंशावळ त्यांना नाही. "सुहा, लेट इट गो, एका बाईचं नाव ते काय!" असं ते माझ्याच टेबलावर जेवताना म्हणाले होते. मी विसरलेले नाही.

३. वंशावळ अंतराला. ती का जपायची, हे तिला नीट कळावं म्हणून लिहिते. सासरे डॉ. युलियस १९३८ साली जर्मनीतून जीव वाचवून अमेरिकेत आले. गावातली ज्यूंची दप्तरं जाळली गेली होती. पाच पिढ्यांचे डॉक्टर आणि पंडित, घरच्या लेकीसुनांसकट, त्यांनी आठवून आठवून पेन्सिलीने लिहिले. १९६९ साली, दृष्टी गेल्यावर, त्यांनी ते कागद मला शाईने उतरवायला दिले. मी ते आमच्या खांबेटे कुलवृत्तांतासारखे उतरवले: मुलगे आणि सुना. घरच्या मुली गाळल्या. लुडविगच्या खाली मुलासाठी जागा सोडली. अंतरा तेव्हा माझ्या मांडीवर होती. मग नवी प्रत झाली म्हणून जुने कागद कचऱ्यात टाकले. सासऱ्यांनी कागदावरून हात फिरवून मला शाबासकी दिली आणि महिन्याभरात गेले.

लुडविगने नंतर एवढंच विचारलं, "क्लारा आत्या कुठे आहे? तिने मला लॅटिन शिकवलं." तो रागावला असता तर बरं झालं असतं. मला आजही लाज वाटते.

४. गाळलेल्या मुली अकरा. पहिलं नाव मी अंतराचं घातलं, मग क्लारा आत्याचं. बाकीच्यांसाठी सदतीस वर्षं पत्रं लिहिली, आठ सापडल्या. एक उरली: सासऱ्यांची थोरली आत्या. भाऊ शिकत असताना दवाखान्यातली औषधं तीच बनवायची.

५. माझी सगळी बचत तिच्या शोधासाठी. अंतरा म्हणते, "आई, ती ब्लँक जागा ऑड दिसते. 'अननोन' टाइप करून टाकू?" नाही. ती अनोळखी नव्हती, तिचं नाव मी कचऱ्यात टाकलं. जागा रिकामीच राहील, अंदाजाने कोणीही भरू नये.

६. सून म्हणून लिहिलेलं माझं नाव आज मी स्वतःच्या हाताने खोडलं आहे. आत्या सापडली की आधी तिचं नाव लिहावं, मग माझं. तोवर माझं लिहू नये.

वरील मजकूर वाचून, आमच्यासमोर सही झाली:
साक्षीदार: श्रीराम दुनाखे, सीमा गोवंडे
स्थळ: ट्रॉय, मिशिगन. दिनांक: १४ ऑक्टोबर २००६

(सही) सुहासिनी