तिला वास चालत नाय

मास्तर, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. मी अजून पावणे गावातल्या त्याच छापखान्यात आहे, तुमच्याच खिडकीपाशी उभा राहून शिशाचे अक्षरखिळे जुळवतो. आज एक गोष्ट केली आहे आणि ती उद्या सकाळी मालकांना सांगायची आहे. त्याआधी तुम्हाला सांगतो.

सध्या एका कादंबरीचं काम चालू आहे. खाडीत बुडून मेलेली एक बाई आणि तिच्यावर जीव जडलेला कारखान्यातला साहेब. मी सातवीतून शाळा सोडलेला, पण भुताची गोष्ट म्हटल्यावर हावरटासारखी पुढची पानं आधीच वाचून काढली. भूत बरं आहे. प्रेम मात्र पटत नाही. विसाव्या पानावर तो तिला पहिल्यांदा पाहतो आणि एकविसाव्या पानावर तिच्यावाचून जगू शकत नाही. तिला काय आवडतं, काय आवडत नाही, हे तो पुस्तकभर एकदाही विचारत नाही. नुसता मोगरा, चंद्र आणि उसासे. त्या उसाशांपायी आमच्याकडची उद्गारचिन्हं संपली.

गेल्या महिन्यात लेखक प्रुफं न्यायला आले तेव्हा गमतीत म्हणाले, ''काय रे, कशी वाटतेय?'' मी म्हणालो, ''साहेब, भुताची भीती वाटली. प्रेम काही खरं वाटलं नाही.'' मालकांनी डोळे वटारले. लेखक हसले. ''अरे वा, कंपोझिटरला प्रेमातलं कळतं! मग तूच सांग, खरं कसं असतं?'' आणि मास्तर, मी सांगून बसलो. तुमचं सांगितलं.

काम संपलं की तुम्ही मागच्या नळावर जायचात. राख आणि साबण लावून कोपरापर्यंत हात घासायचात, कारण घरी काकींना शिशाचा वास सहन होत नसे. मग काकी गेल्या. दिवसकार्य आटोपून तुम्ही कामावर आलात, त्या संध्याकाळी मी बघतो तर तुम्ही नळापाशी उभे. राख, साबण, कोपरापर्यंत. मी सोळा वर्षांचा, जिभेला हाड नाही. म्हणालो, ''मास्तर, आता घरी कोण हात हुंगणार आहे?'' मशीनवाला फिदीफिदी हसला. तुम्ही वर न बघता म्हणालात, ''तिला वास चालत नाय.'' चालत नव्हता असं म्हणाला नाहीत. एकेक बोट पुसलंत आणि सानपाड्याच्या वाटेला लागलात. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी तो नळ मी तुमच्यासाठी मोकळा ठेवायला लागलो.

लेखकांनी ते ऐकून घेतलं, डायरीत टिपलं. आठ दिवसांनी शेवटचं प्रकरण आलं. त्यात साहेब हात धुतो, ती नाही तरी धुतो. चार ओळी. आणि लगेच खाली ती पांढऱ्या साडीत नळामागून येते आणि त्याचे हात ओठांना लावते.

मी ते जसंच्या तसं जुळवलं. तुम्ही शिकवलंत तसं. एकदा लग्नपत्रिकेतली मला न आवडलेली एक ओळ मी गाळली होती, तेव्हा तुम्ही सगळी पत्रिका सोडवून मला पुन्हा जुळवायला लावली होती. ''लिवनाऱ्याचा सबूद हाय तो. आपन गालायचा नाय, घालायचा नाय. तू कोन?'' बोलताना असं बोलणारे तुम्ही, पण खिळ्यांत 'ण' किंवा 'ळ' कधी चुकला नाहीत.

आज ते जुळवलेलं पान छपाईसाठी चौकटीत आवळून तयार होतं. साडेपाचला सगळे गेल्यावर मी ते सोडवलं आणि चिमट्याने त्या चार ओळी काढल्या. रिकाम्या जागेत नक्षीचं एक फूल बसवलं. आता ती उगीचच येऊन त्याचे हात ओठांना लावते. कुणाला खटकणार नाही, त्या पुस्तकात कशालाच कारण नाही.

उद्या मशीन सुरू व्हायच्या आत मी मालकांना हे सांगणार आहे. लेखकांना बोलवा म्हणणार आहे. ती गोष्ट माझी नव्हती, त्यांना देण्याचा मला हक्क नव्हता, हे त्यांच्यासमोर बोलणार आहे. पुस्तक त्यांचं आहे, ते म्हणाले घाला तर त्या ओळी परत घालतील. पण दुसऱ्या कुणीतरी घालाव्यात, माझ्या हाताने नाही. नोकरी जाईल बहुतेक. टेन्शन आहे, ते पान तीनदा तपासून मग हे लिहितो आहे, पण मागे फिरणार नाही.

हा कागद 'ङ'च्या खणात खिळ्यांखाली ठेवतो. त्या खणात वर्षानुवर्षं कुणाचा हात जात नाही. एवढंच कबूल करायचं राहिलं, मास्तर: त्या अख्ख्या कादंबरीत पटेल असं तेवढंच होतं. काढण्याआधी मी त्या चार ओळी दोनदा वाचल्या.