न चोळलेली सुई

सेक्टर १०, भिलाई

प्रिय उन्नती,

मामींकडून कळलं, तू आता साड्यांच्या दुकानात काउंटरवर असतेस. नोकरीत वाईट काही नाही. पण नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षातून उठून गेलेली मुलगी साड्यांच्या घड्या घालते, हे मला अजून पचत नाही. इथे सगळं ठीक. मागच्या अंगणातला पेरू यंदा फार लागला, खायला कोणी नाही. बाबांचं वर्षश्राद्ध नीट पार पडलं. तू आली नाहीस, त्यावर मी कोणाला बोलू दिलं नाही.

गयाआत्या तेव्हापासून इथेच आहे. अंगानं थकली, जीभ तशीच. माझी भाजी तिला अजूनही अळणीच लागते. गेल्या वर्षी बाबांचा दात काढायचा होता, तेव्हाही ती आलेली होती. हृदयात धातूची झडप बसवल्यापासून बाबा म्हणायचे, जन्मभर स्टील प्लांटमध्ये राबलो, आता माझ्यातही प्लांटचा एक पार्ट आहे. दातासाठी डॉक्टरांनी त्यांची रक्त पातळ करायची गोळी थांबवली आणि झडपेवर गुठळी धरू नये म्हणून तेवढ्यापुरती पोटात घ्यायची सुई दिली, सकाळ-संध्याकाळ. तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाकडून टोचून घ्यायला ते तयारच नव्हते. तू चिमटीत कातडी धरायचीस, सावकाश औषध सोडायचीस, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. आणि दर वेळी बजावायचीस, वरून चोळायचं नाही, आत रक्त पसरतं.

तरी त्यांचं पोट निळंजांभळं झालं. तू डॉक्टरांना फोन लावायला निघालीस, तर बाबांनी तो हातातून काढूनच घेतला. पोरीच्या हाताला नावं ठेवतील, ही त्यांची भीती. दोन दिवस सुई नको, डाग उतरले की घेऊ, म्हणाले. तू रडलीस, मी विनवलं, ते ऐकले नाहीत. डाग उतरायच्या आत झडपेवरची गुठळी मेंदूत गेली. पुढे तू स्वतःच्या हातांकडे कशी बघत बसायचीस, ते मी पाहिलं आहे.

परवा मी वाटाण्याच्या शेंगा सोलत होते. आत्या आपणहून बाबांविषयी बोलू लागली. लहानपणी त्यांना कडेवर घेऊन शेताच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं कशी फिरायची, ते सांगितलं. मग म्हणाली, "पोरगी सुई देऊन गेली का मी शेषरावच्या पोटाले तेल लावून चांगलं चोळून देत होती. न चोळलेली सुई गाठ धरते ना वो. पोरगी नाही म्हणे, म्हणून तिले सांगतलं नाही. तेवढी तरी भावाची सेवा झाली माह्या हातानं."

मी शेंगा सोलत राहिले. तिचा चेहरा फार समाधानी होता. मोठ्या बहिणीला नाही म्हणणं बाबांना कधी जमलं नव्हतं. त्यांनी तिचं नाव सांगितलं नाही, आणि तुझंही खराब होऊ दिलं नाही. दोघींना सांभाळता सांभाळता स्वतः गेले.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण दोन खोल्यांचं क्वार्टर, बोललेलं सगळं तिच्या कानावर जातं, म्हणून लिहिते आहे. तिला हे कधीच कळू द्यायचं नाही. या वयात तिच्यापाशी तेवढंच एक समाधान उरलं आहे. तुला मात्र कळायलाच हवं. ते डाग तुझ्या हाताचे नव्हते, बाळा. तुझ्या कॉलेजच्या मॅडमना मी भेटून आले, तिसऱ्या वर्षाला परत घेऊ म्हणाल्या. ये. आणि आलीस की आत्याच्या पाया पड, पूर्वीसारखी. जड जाईल, ठाऊक आहे. मलाही रोज तिला ताट वाढताना जातं.

तुझीच,
आई