बजाजनगरातलं हवाबंद घर

२ मे
निश्चय: घरातली प्रत्येक फट शोधून बंद करणे. कूलर दिवसभर घरघरतो, तरी घर तापलेलंच. म्हणजे थंड हवा कुठून तरी पळते आहे. चितेगावच्या कंपनीत लीक टेस्टिंग करण्यात माझा जन्म गेला आणि माझ्याच घरात लीक? शोभत नाही.

३ मे
उदबत्ती घेऊन खिडक्या-दारांपाशी फिरलो. धूर हलला तिथं खडूनं फुली. हॉल फुल्यांनी भरला. मंजुषा म्हणाली, कूलरला एक खिडकी उघडी लागतीच, बारक्या लेकराला बी कळतं. बायकोला इंडस्ट्रीचा अनुभव नाही. समजून घेतलं.

६ मे, दुपार
सिलिकॉन, टेप, एम-सील. सगळ्या खिडक्या पॅक. बेलच्या वायरचं भोकही बुजवलं. त्यात वायर तुटली. बेल तशीही फार कर्कश होती.

७ मे
चादरी ओलसर. पापड सादळले. सुरुवातीला होणारच. मंजुषा म्हणते, इडलीसारखं शिजायलोय आपण. ही तिची चिडचिड उन्हामुळं.

८ मे
मंजुषा लासूर स्टेशनला माहेरी गेली. म्हणाली, खिडकी उघडा अन् फोन करा, मी येते. बरंच झालं. माणसं आतबाहेर करत राहिली की टेस्ट बिघडते.
करमत नाही. पण तो विषय वेगळा.

११ मे
फोन केला नाही. घर गार झालं की एकदम सरप्राइज. ऑनलाइन मशीन मागवलंय. विमानाच्या केबिनमधली बारीक फट शोधतात तसलं. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा आवाज हेडफोनमध्ये ऐकवतं.

१४ मे
मशीन आलं! मोबाइल बंद ठेवून, हेडफोन लावून दिवसभर भिंती ऐकल्या. एक्झॉस्टमागं सुईएवढी फट सापडली. माझ्याशिवाय कुणाला सापडली नसती. दुपारी पुढचं दार थरथरताना दिसलं. वाऱ्याचा केवढा जोर! ताबडतोब आतून टेप मारली.

१५ मे, सकाळ
दूध आणायला टेप सोडवून बाहेर पडलो. शेजारच्या अनवरीभाभींनी जिन्यात गाठलं. म्हणाल्या, भाईसाब, भाभी कल आए थे ना, कित्ता दरवाजा ठोके, फोन बी लगाए. मंजुषानं आणलेली आंब्यांची पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली. आंबे मऊ पडले होते.
लासूरला फोन लावला. सासूबाई केसरबाईंनी उचलला. म्हणाल्या, तिला नाय बोलायचं तुमच्यासंग. मी म्हटलं, तिला सांगा, खिडकी उघडतो. त्यांनी ठेवून दिला.
फार वाईट वाटलं.

१५ मे, संध्याकाळ
हॉलची खिडकी हलत नाही. बेडरूमची पण नाही. स्क्रूड्रायव्हर वाकला, कटरचं पातं तुटलं. उदबत्ती लावून पाहिली, धूर सरळ वर जातो. काम फारच पक्कं केलंय मी.